चार माणसं घेऊन जाऊ नका

"मॅडम, माझ्यावर खोटी तक्रार झालीय. आता मी काय करू?" कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ केल्याची तक्रार झालेल्या बऱ्याच पुरुषांनी मला, समुपदेशक म्हणून, हा प्रश्न विचारला आहे. कुणी स्वतः येतं, कुणाची बायको आधी फोन करते. त्यांतल्या एकाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये ते क्वालिटीचे सुपरवायझर. वय ४४, नोकरी १८ वर्षांची. राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत आले ते पहिली शिफ्ट संपवून, युनिफॉर्मवरच. प्लॅस्टिकच्या पिशवीत तक्रारीची प्रत. त्यांच्याच विभागातल्या एका इन्स्पेक्टर मुलीनं कंपनीतल्या अंतर्गत समितीकडे, म्हणजे अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीकडे, तीन गोष्टी लिहून दिल्या होत्या: रात्री साडेदहानंतर येणारे व्हॉट्सॲप मेसेज, लाइनवर सगळ्यांसमोर तिच्या कपड्यांवरून केलेलं बोलणं, आणि गेज (मोजमापाचं साधन) देताना एकदा धरून ठेवलेला हात.

"अंबाबाईची शपथ घेऊन सांगतो, हात धरला नाही. आणि 'जेवलीस का' विचारणं हा काय गुन्हा हाय व्हय?"

खरं-खोटं ठरवणं माझं काम नाही, हे मी त्यांना तिथंच सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. मी त्यांच्या बाजूची असावी असं त्यांना वाटत होतं. मी होतेच, पण त्यासाठी त्या मुलीला खोटं ठरवण्याची गरज मला वाटत नव्हती.

पाच रात्री झोप नव्हती, घास उतरत नव्हता. जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का, हे मी सरळ विचारलं. असा प्रश्न विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नसलेला विचार येत नाही. आलेला असेल तर तो बोलता येतो. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "एकदा येऊन गेला मनात." त्यांच्या परवानगीनं मी त्यांच्या पत्नीला बोलावून घेतलं आणि रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दोघांच्या फोनमध्ये साठवून दिला. कागदाकडं वळलो ते त्यानंतर.

वळायलाच हवं होतं, कारण तक्रारीची प्रत हातात पडल्यापासून कामाचे १० दिवस उत्तराला मिळतात आणि त्यांचे चार संपले होते. त्यांची तयारी मात्र वेगळीच चालली होती. "आमचे चुलते माजी सरपंच आहेत. रविवारी चार माणसं घेऊन पोरीच्या गावाला जातो. तिच्या वडिलांबरोबर बसून मिटवून टाकतो."

हे मी पुन्हा पुन्हा ऐकलं आहे आणि त्यामागं नेहमीच दुष्टपणा असतो असं नाही. आपल्याकडं बांधाचं, भावकीचं भांडण असंच मिटत आलंय. पण दारात चार पुरुष उभे राहिले की त्या घरात काय होतं, याचा विचार करा. मुलीची नोकरी सुटते, किंवा घाईनं स्थळं बघायला सुरुवात होते. आणि समितीपुढं ही भेट दबाव म्हणूनच जाते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात समेटाला जागा आहे, पण चौकशी सुरू होण्याआधी, त्या बाईनं स्वतः मागितला तरच, आणि पैशाच्या बदल्यात नाही. मी त्यांना म्हटलं, तुम्ही निर्दोष असाल तर या एका भेटीनं दोषी दिसाल. तिला फोन नाही, मेसेज नाही, मैत्रिणीकरवी निरोपही नाही. चहाच्या गाड्यावर तिचं नाव काढायचं नाही. तक्रारीतली नावं आणि मजकूर उघड करायला कलम १६ ची मनाई आहे. चुलत्यांना त्यांनी माझ्यासमोरच फोन करून रविवार रद्द केला.

त्यांनी लिहिलेलं उत्तर चार पानी होतं. पहिली दोन पानं १८ वर्षांच्या सेवेची, तिसरं त्या मुलीच्या चालचलनाचं. हात धरल्याच्या आरोपावर अख्ख्या चार पानांत एकच वाक्य: 'मी तसा माणूस नाही.' तसा माणूस कसा असतो, हे समितीनं विचारलंच नव्हतं. मी तिसरं पान बाजूला काढायला लावलं. मग एकेक आरोप घेऊन बसलो. त्या दिवशी शिफ्ट कुठली, गेज कुणी मागितला, खोलीत आणखी कोण होतं, रजिस्टरला कुणाची सही आहे. मूल्यांकनात कमी गुण दिल्याचा राग तिनं काढला, असं त्यांचं म्हणणं होतं. तेही लिहा म्हटलं, पण तारीख आणि कागद जोडून; कागद नसेल तर तो नुसता टोमणा होतो. समितीसमोर वकील उभा करता येत नाही, पण उत्तर लिहिताना सल्ला घ्यायला कुणाची आडकाठी नाही. तो त्यांनी घेतला.

मेसेजपाशी मात्र आम्ही तीन बैठका अडलो. घाबरून त्यांनी निम्मे पुसले होते. तिच्या फोनमध्ये ते असणारच, आणि अर्धवट संभाषण पुसणाऱ्याच्याच अंगावर येतं. बॅकअपमधून सगळे परत काढले आणि मी त्यांना ते वेळेसकट मोठ्यानं वाचायला सांगितलं. 'जेवलीस का.' १०.४०. 'आज साडीत छान दिसत होतीस.' ११.०५. 'झोपलीस?' ११.२०. तिच्याकडून 'हो सर', 'ओके सर', कधी नुसता अंगठा. चार महिन्यांत तिनं आपणहून सुरू केलेलं एकही बोलणं त्यात नव्हतं.

"पण ती नको कुठं म्हणाली?" ते म्हणाले.

"तिचं मूल्यांकन कोण भरतं?"

"मीच की."

त्यानंतर ते बोलले नाहीत. कायदा तुमचा हेतू काय होता एवढ्यावर थांबत नाही. समोरच्या बाईला ते नकोसं होतं का, हेही बघतो. आणि ज्याच्या हातात आपली पगारवाढ आहे, त्याला रात्री अकरा वाजता 'नको' लिहिणं किती अवघड आहे, हे मी बाई म्हणून जाणते. पुढच्या बैठकीत त्यांनी उत्तर स्वतःच बदलून आणलं. मेसेज पाठवले, कपड्यांवरून बोललो, हे मान्य. हात धरला, हे अमान्य.

९० दिवसांच्या आत चौकशी झाली. समितीनं पहिल्या दोन गोष्टी सिद्ध धरल्या, तिसरी पुराव्याअभावी नाही. लेखी माफी, एका वर्षाची पगारवाढ रोखली, समुपदेशन, आणि तिचं मूल्यांकन यापुढं दुसऱ्याकडं.

"म्हणजे हाताचं ती खोटंच बोलली ना?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. सिद्ध झालं नाही, एवढंच. नुसतं सिद्ध करता आलं नाही म्हणून बाईवर कारवाई करण्याची गरज नाही, हे कलम १४ मध्येच लिहिलेलं आहे. त्यांना ते त्या दिवशी पटलं नाही.

शेवटच्या बैठकीनंतर ते गाडी काढायला खाली गेले आणि त्यांच्या पत्नी दारात थांबल्या. "मॅडम, तुम्ही एवढं ऐकलंत दोन्हीकडचं. ह्यांनी धरला असंल का हो हात?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

त्यांनी पदर सावरला. "मलाबी न्हाई," म्हणाल्या, आणि खाली हॉर्न वाजला तशा जिना उतरून गेल्या.