ब्रेक सोडला तरी चाक धरतंय? बूस्टर लगेच उघडू नका

भाऊ, बूस्टर म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) पेडलचा जोर वाढवणारा डबा. आधी गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा. चाक धरलेलं असतानाच इंजिन बंद करून बूस्टरवरचा व्हॅक्यूम पाइप चेक व्हॉल्व्हसकट (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) काढा. चाक सुटलं तर बूस्टरचा आतला व्हॉल्व्ह अडकतोय. नाही सुटलं, तर बूस्टरला जोडलेल्या मास्टर सिलिंडरचे (ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा सिलिंडर) नट थोडे सैल करा. आता सुटलं तर पुशरॉड (बूस्टरमधून सिलिंडरचा पिस्टन ढकलणारा दांडा) लांब झालाय. पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल परतीचं भोक झाकलेलं राहतं. पुशरॉड आणि पिस्टनमध्ये साधारण अर्धा मिलिमीटर मोकळीक ठेवा.

काढलेल्या व्हॅक्यूम पाइपात ब्रेक ऑइल दिसलं? मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलंय. ते न बदलता बूस्टरमध्ये नवा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) घालणं म्हणजे पैसे पाण्यात. रबराला पेट्रोल, साधं ग्रीस अजिबात नको. लाल रबर ग्रीसच वापरा.

चाचणी सपाट रस्त्यावर, साताऱ्याजवळचा यवतेश्वर घाट नंतर.