मागणीचा अंदाज आणि मशीनवरचा क्रम : वाचकांचे प्रश्न

प्लॅनिंग विभागात नुकताच रुजू झालो आहे. मागणीचा अंदाज शिकायला थेट मशीन लर्निंगपासून सुरुवात करू का?

नका करू. आधी स्प्रेडशीटमध्ये सर्वांत भाबडा अंदाज मांडा : गेल्या महिन्यात जेवढी मागणी, तेवढीच पुढच्या महिन्यात. त्यात किती चूक येते ते लिहून ठेवा. पुढे शिकाल ती प्रत्येक पद्धत या चुकीपेक्षा कमी चुकते का, एवढेच पाहायचे. मग घातांकी सरासरी घ्या, म्हणजे जुन्या अंदाजात ताज्या चुकीचा ठरावीक हिस्सा मिळवायचा. अंदाज २०० नगांचा होता, मागणी २४० आली, हिस्सा ०.२ धरला, तर नवा अंदाज २०८. अंदाजाचे अभ्यासक स्पायरॉस माक्रिडाकिस यांनी १,००१ आकडेमालिकांवर घेतलेल्या अंदाज-पद्धतींच्या स्पर्धेचे निकाल १९८२ मध्ये आले, तेव्हा किचकट पद्धती साध्या पद्धतींहून हमखास सरस ठरल्या नव्हत्या.

तीन वर्षांची विक्री हाताशी आहे, तरी अंदाज सतत कमीच पडतो. का?

कारण तुमच्याकडे विक्रीचे आकडे आहेत, मागणीचे नाहीत. स्टॉक संपलेल्या महिन्यात विक्री १२० दिसते. मागणी कदाचित १८० असेल. नाकारलेल्या आणि उशिरा पाठवलेल्या ऑर्डरी शोधा आणि ग्राहकाला माल ज्या महिन्यात हवा होता, त्या महिन्यात नोंदवा. काम कंटाळवाणे आहे, पण माझ्या मते अंदाजाची निम्मी विद्या इथेच आहे. चुकांची बेरीज अधिक-उणे चिन्हांसह ठेवत चला. ती एकाच बाजूला वाढत गेली, तर पद्धतीतच खोट आहे.

काही सुट्या भागांना महिनोन्‌महिने मागणीच नसते.

जॉन क्रॉस्टन यांनी १९७२ मध्ये दाखवलेली वाट धरा : मागणी आली की किती नगांची येते आणि दोन मागण्यांत किती काळ जातो, यांचे अंदाज वेगवेगळे बांधायचे. मात्र जे भाग तुमच्याच तयार मालात बसतात, त्यांचा अंदाज बांधू नका. ते उत्पादनाच्या योजनेवरून मोजून काढता येतात.

सगळे जॉब आधी कटिंगला, मग पेंटिंगला जातात. क्रम कसा लावू?

दोनच मशीन असतील तर १९५४ चा जॉन्सनचा नियम वापरा. सगळ्या वेळांतला सर्वांत छोटा आकडा शोधा. तो पहिल्या मशीनचा असेल तर तो जॉब सुरुवातीला, दुसऱ्या मशीनचा असेल तर शेवटी; उरलेल्यांना पुन्हा हाच नियम. समजा कटिंग आणि पेंटिंगचे तास असे : ‘अ’ ३ आणि ६, ‘ब’ ५ आणि २, ‘क’ १ आणि ४. क्रम येतो क, अ, ब, आणि सगळे काम १३ तासांत संपते. तेच ब, अ, क असे लावले तर १८ तास! कागदावर पट्ट्या काढून स्वतः पडताळा, त्याशिवाय हे अंगवळणी पडत नाही. हा नियम डिलिव्हरीची तारीख मात्र पाहत नाही. एकाच मशीनवर सर्वांत मोठा उशीर कमीत कमी ठेवायचा असेल, तर जवळच्या तारखेचा जॉब आधी घ्या.

वेळापत्रक रोज मोडते.

पहिले काही दिवस गोठवा. त्यात बदल करायचा तर एकाच व्यक्तीच्या परवानगीने. त्याआधी सर्वांत तुंबणाऱ्या मशीनचा भार मोजा, म्हणजे ते उपलब्ध वेळेपैकी किती टक्के वेळ कामात असते ते पाहा. रांगेच्या अगदी साध्या गणितात ८० टक्के भाराला मशीनपाशी सरासरी ४ जॉब असतात, ९५ टक्क्यांना १९. तिथे एक तातडीचा जॉब मध्ये घुसवला की मागचे सगळे सरकतात.