तीनशे पेपरांच्या यादीतून एका शास्त्रज्ञाचं स्वतःचं काम कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: एका भौतिकशास्त्रज्ञाच्या नावावर विश्वकिरण (अवकाशातून येणारे अतिवेगवान कण) आणि रेडिओ खगोलशास्त्र मिळून तीनशेच्या वर पेपर दिसतात, कित्येकांवर चारशेच्या आसपास लेखक आहेत, मग त्यात त्यांचं स्वतःचं काम किती? ते शोधता येतं. फक्त एकूण आकडा आणि एच-इंडेक्स (किती पेपरांना किमान तितकेच संदर्भ मिळाले तो आकडा) आधी बाजूला ठेवा, कारण या विषयात दोन्ही फसवतात.

विश्वकिरणांचा वेध घेणाऱ्या, अर्जेंटिनातल्या पिएर ओजे वेधशाळेचं घ्या. ३,००० चौरस किलोमीटरवर कण टिपणाऱ्या १,६०० हून जास्त टाक्या, प्रत्येकीत १२,००० लिटर शुद्ध पाणी, दोन टाक्यांत दीड किलोमीटर अंतर. एवढा पसारा उभा करणाऱ्या आणि चालवणाऱ्या सगळ्यांची नावं मुख्य पेपरांवर येतात, तीही वर्णानुक्रमे. पहिलं नाव पहिलं असतं ते आडनावाच्या पहिल्या अक्षरामुळे. पत्रव्यवहाराचा पत्तासुद्धा सगळ्या गटाचा सामाईक. त्यामुळे नुसता पेपर वाचून कोणी काय केलं ते कळत नाही.

कळतं ते परिषदेच्या पेपरांतून. पेपर मोजताना लोक हेच आधी गाळतात, कारण ते नियतकालिकांसारखे कसून तपासलेले नसतात. मोजणीपुरतं ते बरोबरच आहे. पण विश्वकिरणांची आंतरराष्ट्रीय परिषद दर दोन वर्षांनी भरते (२००५ ची पुण्यात झाली होती), आणि तिथल्या पेपरावर बहुधा एकच नाव ठळक असतं: ‘अमुक, कोलॅबरेशनच्या (म्हणजे प्रयोगाच्या सगळ्या गटाच्या) वतीने’. आता विषय बघा. ‘वेधशाळेची सद्यस्थिती’ असं मोघम शीर्षक असेल तर तो सगळ्यांच्या वतीने दिलेला आढावा. पण ‘अँटेनाचं कॅलिब्रेशन’ (ज्ञात मापाशी ताडून उपकरण जुळवणं) किंवा ‘रेडिओ स्पंदांवरून ऊर्जामापन’ असा नेमका विषय असेल, दोन वर्षांनी त्याच माणसाकडून त्याचाच पुढचा भाग आला असेल, आणि नंतर तोच निष्कर्ष चारशे नावांच्या पेपरात उतरला असेल, तर ते काम बहुतेक त्यांचंच.

शोधायचं कुठे? नासाच्या ॲस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टिमवर, म्हणजे एडीएसवर; ही खगोलशास्त्रातल्या पेपरांची ऑनलाइन सूची. लेखकाच्या रकान्यात अवतरणचिन्हांच्या आत, आडनावाच्या आधी ^ हे चिन्ह टाकलं की फक्त प्रथम लेखक असलेले पेपर येतात. ती यादी वर्षांप्रमाणे लावून वाचा. विषय कुठे बदलला ते लगेच दिसतं.

विश्वकिरणांचा माणूस रेडिओत कसा, असं वाटत असेल तर हे दोन विषय दिसतात तितके लांब नाहीत. १९४५ च्या डिसेंबरात ब्रिटिश शास्त्रज्ञ बर्नार्ड लव्हेल यांनी इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँकला लष्कराचं रडार नेलं, ते विश्वकिरण हवेवर आदळून होणाऱ्या कणवर्षावाचे प्रतिध्वनी शोधायला. मिळाले ते उल्कांचे. मग १९६५ मध्ये त्याच ठिकाणी ४४ मेगाहर्ट्झवर कणवर्षावाचे रेडिओ स्पंद खरोखर पकडले गेले. वर्षावातले इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात विरुद्ध दिशांना वळतात आणि त्यातून काही दहा नॅनोसेकंदांचा स्पंद निघतो. नेदरलँड्समधल्या लोफार या रेडिओ दुर्बिणीत अँटेनांचा कच्चा सिग्नल काही सेकंद स्मृतीत साठवून ठेवतात. जमिनीवरच्या कणशोधकांनी इशारा दिला की तेवढा तुकडा वाचून घेतात. २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या लोफारच्या पेपरात, वर्षाव वातावरणात किती खोलवर ऐन भरात येतो ते सरासरी १६ ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर इतक्या अनिश्चिततेने काढलं होतं (ही खोली ओलांडलेल्या हवेच्या वजनात मोजतात). रेडिओने एवढं साधणं ही फार मोठी गोष्ट आहे.

म्हणून कॅलिब्रेशनचे पेपर जरूर वाचा. सायटेशन (इतर पेपरांनी दिलेले संदर्भ) थोडे असतात, पण ऊर्जेचा आकडा त्यांच्यावरच उभा असतो. या अँटेनांचा वारंवारतेचा पट्टा बहुतेक ३० ते ८० मेगाहर्ट्झचा का? खाली शॉर्टवेव्हचा गोंगाट, वर ८७.५ पासून एफएम. अँटेनाला किती सिग्नल मिळाला म्हणजे किती व्होल्ट प्रति मीटर, हे ठरवायला ज्ञात ताकदीचा संदर्भ-स्रोत वर टांगतात किंवा आकाशगंगेचा रेडिओ गोंगाट वापरतात. दोन पद्धतींची उत्तरं जुळली नाहीत तर का जुळली नाहीत, हे ज्याने प्रामाणिकपणे लिहिलंय त्याचं काम खरं समजावं.

निव्वळ रेडिओ खगोलशास्त्राच्या पेपरांना वेगळा नियम लावा. नारायणगावजवळच्या जीएमआरटीसारख्या रेडिओ दुर्बिणीवर वेळ प्रस्ताव देऊन मिळतो, गट सहसा लहान असतो, आणि पहिलं नाव बहुधा डेटावर प्रत्यक्ष काम केलेल्याचं, म्हणजे पुष्कळदा पीएचडीच्या विद्यार्थ्याचं. ज्येष्ठ शास्त्रज्ञ तिथे दुसऱ्या किंवा शेवटच्या जागी सापडतील. ‘प्रथम लेखक नाही म्हणजे काम नाही’ असा अर्थ काढू नका.

मोजताना दोन चुका हमखास होतात. एक, तोच निष्कर्ष परिषदेच्या पेपरात, नंतर नियतकालिकात, आणि शिवाय कोलॅबरेशनच्या परिषद-संग्रहात असा तीनदा मोजला जातो. प्रीप्रिंट (छापण्याआधी खुला केलेला मसुदा) आणि छापील पेपर एडीएस बहुतेक वेळा एकत्र जोडतं, परिषदेचा पेपर मात्र वेगळाच राहतो. दुसरी चूक नावाची. ‘पाटील, एस.’ असं शोधलंत तर चार-पाच माणसांचे पेपर एकाच्या खात्यात जमा होतील. त्या शास्त्रज्ञांचा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा स्वतंत्र ओळख-क्रमांक) मिळाला तर त्यावरून शोधा. नाहीतर प्रत्येक पेपरावरची संस्था आणि वर्ष त्यांच्या कारकिर्दीशी ताडून बघा. वेळ लागतो, पण त्याशिवाय यादीवर विश्वास ठेवू नका.