वडिलांच्या जुन्या गाडीचा मूळ रेडिओ सापडला आहे. तो परत बसवताना कुठली वायर कुठे जोडू?

तुम्ही लिहिलंय ते असं: गाडी १९६२ ची, रंगकामाच्या वेळी काढलेला तिचा रेडिओ बारा वर्षांनी खोक्यात सापडला, त्याच्या मागे तीन वायरी आणि एरियलचं सॉकेट आहे, स्पीकर हरवलाय, आणि गाडीत डॅशबोर्डखाली दोन कापलेली टोकं लोंबतायत. कुठली कुठे जोडू?

अजून कुठेच जोडू नका. मी असे सेट हौसेनं दुरुस्त करतो, आणि ‘सहज लावून पाहिला’ म्हणणाऱ्यांचे रेडिओ माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त येतात. त्या यादीत पहिलं नाव माझंच आहे, ते पुढे सांगतो.

आधी रेडिओ बाजूला ठेवा आणि बॉनेट उघडा. बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला बोल्टनं आवळलंय ते बघा. आपल्याला सवय मायनसची. पण त्या काळातल्या कितीतरी गाड्यांत, विशेषतः ब्रिटिश बनावटीच्या, प्लस टोक बॉडीला असायचं. साठच्या दशकात ती पद्धत हळूहळू गेली. त्यात मध्येच कुणी डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला असेल, तर त्यानं अर्थही (म्हणजे बॅटरीचं बॉडीला जोडलेलं टोक) बहुधा उलटा करून ठेवलेला असतो. म्हणजे गाडीचं पुस्तक एक सांगणार आणि गाडी दुसरंच. अशा वेळी समोर दिसणाऱ्या बॅटरीवर विश्वास ठेवा. जुन्या पद्धतीची पाणी घालायची बॅटरी असेल तर झाकणं मोजा, तीन असली तर ६ व्होल्ट, सहा असली तर १२.

आता रेडिओचं लेबल. पत्र्यावर कुठेतरी व्होल्टेज आणि अर्थची खूण असते. काही सेटना बाजूला एक छोटा प्लग असतो, तो काढून उलटा बसवला की प्लस अर्थचा सेट मायनसचा होतो. लेबल उडालं असेल तर वरचा पत्रा उघडा. आत काय आहे यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

काचेचे व्हॉल्व्ह (दिव्यासारख्या नळ्या) आणि सॉकेटात बसलेला एक उभा पत्र्याचा डबा दिसला, तर तो जुना व्हायब्रेटरवाला सेट. व्हॉल्व्हला दोन-अडीचशे व्होल्ट लागतात आणि गाडीत असतात बारा. मग त्या डब्यातली पोलादी पाती सेकंदाला शंभराहून जास्त वेळा थरथरून बॅटरीचा प्रवाह तोडते-जोडते, आणि तो तुटक प्रवाह ट्रान्सफॉर्मर चढवतो. म्हणून हे रेडिओ चालू केले की गाण्याआधी भुंग्यासारखे गुणगुणतात. नुसते ट्रान्झिस्टर दिसले, तर सेट त्यानंतरच्या पिढीचा. क्रायस्लर आणि फिल्को यांनी पूर्ण ट्रान्झिस्टरचा गाडीचा रेडिओ १९५५ मध्ये आणला, पण बाकीच्यांना तिथवर पोचायला वेळ लागला. मधल्या काळात एक संकरित जात झाली. बारा व्होल्टवरच चालणारे खास व्हॉल्व्ह, आणि शेवटी स्पीकर हलवायला एक जाडजूड जर्मेनियम ट्रान्झिस्टर. तुमच्या गाडीचं साल बघता तो असाही असू शकतो. मागच्या बाजूला पंख काढलेल्या ॲल्युमिनियमवर बोराएवढं चपटं धातूचं बटण स्क्रूनं बसवलेलं दिसलं, की तोच तो ट्रान्झिस्टर.

साध्या व्हायब्रेटरच्या बहुतेक सेटना अर्थ कुठला याचं सोयरसुतक नसतं. ट्रान्झिस्टरवाल्याला मात्र उलटी बॅटरी लागली की क्षणात खेळ खलास. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरवरची खूण बघून अर्थ ओळखता येतो असं सांगतात. स्विचनंतर बारा व्होल्टच्या लायनीवर जो कंडेन्सर असतो त्याच्यापुरतं ते खरं आहे. व्हॉल्व्ह सेटमधल्या मोठ्या व्होल्टेजच्या कंडेन्सरवरून ठरवायला जाल तर फसाल, कारण तिथे मायनस बहुधा सांगाड्यालाच असतो, गाडी कुठलीही असो.

आता माझी गोष्ट. पहिला संकरित सेट मिळाला तेव्हा स्पीकर नव्हता. म्हटलं, निदान दिवा लागतो का ते तरी पाहू. दिवा लागला. दहा मिनिटं मी कौतुकानं डायल फिरवत बसलो. मग गरम पत्र्याचा वास आला आणि आउटपुटचा ट्रान्झिस्टर गेला. या सेटना स्पीकरचा भार लागतोच, तो नसला की ट्रान्झिस्टर किंवा आउटपुटचा ट्रान्सफॉर्मर मरतो. तुमच्याकडेही स्पीकर नाही, म्हणून हे आवर्जून सांगतोय. आणि स्पीकर लावायचा तो मूळ ओहमचाच. बरेच जुने सेट ८ किंवा १० ओहमचे आहेत, आणि आज कुठेही मिळणारा गाडीचा स्पीकर ४ ओहमचा. तो लावला तर सुरुवातीला छान वाजेल, पण ट्रान्झिस्टरला झेपेल त्याहून जास्त प्रवाह ओढेल. ओहम जुळणारा स्पीकर आधी मिळवा, बाकीचं काम नंतर.

तीन वायरींचा रंग बघून काही ठरवू नका, कारण रंग कंपनीगणिक बदलतात. मल्टिमीटर ओहमवर ठेवा, एक टोक रेडिओच्या सांगाड्याला लावा आणि प्रत्येक वायर तपासा. रेडिओचा स्विच बंद असताना काहीच न दाखवणारी, आणि चालू केल्यावर आकडा खाली आणणारी वायर सप्लायची. तिच्यावर बहुधा फ्यूजची नळीही असते. स्विच कसाही असला तरी काही ओहम दाखवणारी वायर बहुधा डायलच्या दिव्याची, ती पुढे डॅशबोर्डच्या दिव्यांना जाते. जवळपास शून्य दाखवणारी स्पीकरची असण्याची शक्यता जास्त, दुसरं टोक मग सांगाड्यातून परत येतं. ‘शक्यता’ म्हणतोय, कारण काही सेटमध्ये स्पीकरची दोन्ही टोकं सांगाड्यापासून अलग असतात. त्यातलं एक गाडीच्या पत्र्याला टेकवलं तर वरची गोष्ट पुन्हा घडेल.

यानंतर रेडिओ टेबलावर वाजवायचा. सप्लायसाठी बॅटरीच वापरा, चार्जर नको. चार्जरचा प्रवाह सपाट नसतो, नुसती गुरगुर ऐकू येईल. ट्रान्झिस्टर सेट असेल तर सप्लायच्या वायरीत इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब मालिकेत घाला. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटेल आणि रेडिओ वाचेल. मंद उजेड असेल तर ठीक. व्हॉल्व्ह सेटमध्ये हा बल्ब फारसा कामाचा नाही, कारण अर्धपोटी व्होल्टेजवर व्हायब्रेटरचे पॉइंट नीट चालत नाहीत आणि चिकटतात. तिथे आधी व्हायब्रेटर उपसून ठेवा, फ्यूजमधून बारा व्होल्ट द्या आणि सगळ्या व्हॉल्व्हच्या तारा लाल होतात का ते बघा. व्हायब्रेटर परत घालण्यापूर्वी ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूवरचा बफर कंडेन्सर बदलायचाच. मूळचा बहुधा १६०० व्होल्टचा असतो. नवा त्याच मूल्याचा आणि निदान तेवढ्याच व्होल्टचा घ्या. जुना दिसायला धडधाकट असला तरी साठ वर्षांत त्याचं इन्सुलेशन गेलेलं असतं, तो शॉर्ट झाला तर व्हायब्रेटर जातो आणि ट्रान्सफॉर्मरही. मेणकागदाचे बाकीचे कंडेन्सर त्याच बैठकीत काढून टाका. या सेटमध्ये अडीचशे व्होल्ट फिरतात हे विसरून बोट घालू नका. ज्यांना सोल्डरिंगची सवय नाही त्यांनी एवढा भाग जाणत्याकडे द्यावा, त्यात कमीपणा नाही.

टेबलावर तासभर न कुरकुरता वाजला, तरच तो डॅशबोर्डात जाऊ द्या.

गाडीतली लोंबणारी टोकं तशीच वापरू नका. ती कुठून येतात ते कुणालाच माहीत नसतं आणि कापड गुंडाळलेली जुनी वायर वाकवली की भुगा होते. इग्निशनच्या किल्लीबरोबर चालू होणाऱ्या, फ्यूज असलेल्या ॲक्सेसरीच्या टर्मिनलवरून नवी दीड चौरस मिलिमीटरची वायर ओढा. इग्निशन कॉइलच्या (प्लगना ठिणगी देणाऱ्या) वायरीतून सप्लाय चोरू नका. काही गाड्यांत तिथे पूर्ण बारा व्होल्ट नसतात, आणि ठिणगीचा सगळा गोंगाट तिथूनच रेडिओत शिरतो. रेडिओजवळ लायनीतला स्वतंत्र फ्यूज हवाच, लेबलवर लिहिला असेल तेवढ्याचा. लेबल नसेल तर टेबलावर वाजवतानाच किती अँपिअर ओढतो ते मोजून ठेवा, त्याच्या वरचा पहिला घ्या.

सेट प्लस अर्थचा आणि गाडी आता मायनस अर्थची, अशी जोडी निघाली तर एक युक्ती तुम्हाला नक्की कुणीतरी सांगेल: रेडिओखाली रबर घाला, बॉडीपासून अलग करा आणि दोन वायरी उलट्या जोडा. मी ती केली आहे. रबर उत्तम बसलं, मल्टिमीटरनं तपासलं, चालू केला, छान. मग एरियलचा प्लग खोचला आणि फट्! एरियलच्या केबलची बाहेरची जाळी रेडिओच्या सांगाड्याला जोडलेली असते आणि तिकडे दुसऱ्या टोकाला मडगार्डच्या पत्र्याला. मी बॉडीपासून अलग केलेला सांगाडा त्या जाळीनं सरळ बॉडीला नेऊन भिडवला. फ्यूज होता म्हणून केबलवर भागलं. अशा सेटची अंतर्गत जोडणी बदलून घेणं हाच नीट उपाय आहे.

बसवताना घाई होते ती मागच्या पट्टीची. पुढून दोन नट आवळले की रेडिओ बसल्यासारखा दिसतो, पण काही किलोंचं ते धूड डॅशबोर्डच्या पातळ पत्र्यावर लोंबत राहतं आणि वर्षभरात भोकांपाशी चिरा दिसतात. सांगाड्यापासून फायरवॉलकडे जाणारी आधाराची पट्टी हरवली असेल तर नवी वाकवून घ्या. दोन्ही टोकांखालचा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, कारण तीच बहुतेक वेळा रेडिओची मुख्य अर्थ असते. मी तरीही एक वेगळी अर्थची वायर टाकतोच.

एरियलची केबल तुटकी असेल तर टीव्हीची केबल जोडू नका. मीडियम वेव्हच्या गाडीच्या एरियलला कमी कपॅसिटन्सची खास केबल लागते, दुसऱ्या कुठल्याही केबलमध्ये स्टेशन अर्ध्या वाटेतच विरतं. सगळं जोडून झालं की एरियल पूर्ण वर ओढा, १४०० किलोहर्ट्झच्या आसपास एखादं क्षीण स्टेशन शोधा आणि सॉकेटजवळच्या भोकातला एरियल ट्रिमरचा स्क्रू बारीक पेचकसानं हळूहळू फिरवा. आवाज भरून येईल तिथे थांबा. एवढं न करताच ‘जुना रेडिओ असाच असतो’ म्हणून लोक वर्षानुवर्षं क्षीण आवाज ऐकत बसतात.

इंजिन चालू केल्यावर खरखर येणार, घाबरू नका. ती कशी बदलते ते ऐका. वेगाबरोबर टकटक वाढत असेल तर इग्निशन. रेझिस्टर असलेल्या प्लगच्या टोप्या लावा आणि कॉइलच्या सप्लायच्या टोकावर सप्रेशनचा कंडेन्सर. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटकडे जाणाऱ्या टोकावर चुकूनही लावू नका, ठिणगी कमजोर होऊन इंजिन अडखळेल. वेगाबरोबर चढणारी शिट्टी असेल तर डायनॅमो. त्याच्या आउटपुटच्या जाड टोकावर कंडेन्सर लावायचा, फील्डच्या बारीक टोकावर नाही. आणि इंजिन शांत असताना खड्ड्यात आपटल्यावर कडकड होत असेल, तर कुठली तरी अर्थ ढिली आहे. आधी ती मागची पट्टीच बघा.

फोन लावायची वायर आत घालून घ्यायचा मोह होईल. मला विचाराल तर हरकत नाही, व्हॉल्यूमच्या बटणाआधी कंडेन्सरमधून सिग्नल देता येतो आणि बाहेरून काही दिसत नाही. फक्त गाडी प्लस अर्थची असेल तर तोच फोन त्याच वेळी गाडीत चार्जिंगला लावायचा नाही. चार्जरचं मायनस आणि रेडिओचा सांगाडा फोनमधून एकत्र येतात आणि फोन मध्ये भाजून निघतो.

बॅटरीची दोन्ही टोकं आणि रेडिओचं लेबल यांचे फोटो टाका. लेबल नसेल तर उघडलेल्या सेटचा वरून एक. ते दिसलं की तीन वायरींचं उत्तर दोन ओळींत देतो.