वेबकॅममधून गुरू आणि चंद्र : वाचकांचे प्रश्न

गुहागर : लॉजिटेक सी२७० वेबकॅमचं भिंग काढून तो फिल्मच्या रिकाम्या डबीत बसवला. सहा इंची न्यूटोनियनवर (आरशाची दुर्बीण, फोकल लेंथ १२०० मिमी) फोकसच होत नाही. फोकसर (नेत्रभिंग आत-बाहेर सरकवणारी नळी) पूर्ण आत नेला तरी अजून थोडा आत हवा असं वाटतं.

तसंच आहे. डोळ्याने पाहण्यासाठी बांधलेल्या न्यूटोनियनमध्ये प्रतिमा फोकसरच्या बाहेर जेमतेम येते आणि तुमचा सेन्सर डबीच्या तळाशी, म्हणजे तिच्याही मागे राहतो. दोन पटींची बार्लो (फोकल लेंथ वाढवणारं भिंग) लावा, ती फोकस बाहेर ढकलते. ग्रहांसाठी तिची गरज आहेच. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घेऊन पाचाने गुणा, साधारण तेवढा एफ-अंक (फोकल लेंथ भागिले आरशाचा व्यास) हवा. सी२७०चा पिक्सेल २.८ मायक्रॉनचा, म्हणजे एफ/१४. तुमची दुर्बीण एफ/८, बार्लोसह एफ/१६. तीन पटींच्या बार्लोच्या मोहात पडू नका. गुरू मोठा होईल आणि अंधुक होईल, तपशील मात्र तेवढेच राहतील.

भिंगासोबत बहुतेकदा अवरक्त किरण अडवणारी काचही निघून जाते. मग रंग गुलाबी येतात, आणि बार्लोच्या भिंगांमुळे कडा मऊ पडतात. डबीला आटे नसल्यामुळे ते किरण अडवणारा सव्वा इंची फिल्टर तिच्यावर बसवता येत नाही. डबी प्रयोगापुरती ठीक आहे, पुढे आटे असलेला अडॅप्टर घ्या. वेबकॅमच्या दिव्यावर काळी टेप चिकटवा आणि उघडा सेन्सर नेहमी खाली तोंड करून ठेवा.

देवगड : गुरूचे चारही चंद्र छान येतात, पण गुरू म्हणजे नुसता पांढरा गोळा. दुर्बीण डॉब्सोनियन (हाताने वळवायच्या साध्या बैठकीवरची) आहे, मोटर नाही.

चंद्र दिसतात म्हणूनच गुरू पांढरा आहे. ऑटो एक्स्पोजर काळं आकाश पाहून उजेड वाढवत नेतं. शार्पकॅप या चित्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटो बंद करा आणि हिस्टोग्रामचं (उजेडाच्या आलेखाचं) टोक ७० टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत एक्स्पोजर व गेन (सिग्नलची वाढ) उतरवा. चंद्र नाहीसे होतील, पट्टे दिसू लागतील. चंद्र हवेच असतील तर त्यांची वेगळी क्लिप घेऊन नंतर जोडा. व्हिडिओसाठी एमजेपीजी (कॉम्प्रेस केलेला प्रकार) टाळा, वाययूवाय२ (कॉम्प्रेस न केलेला) निवडा. कॉम्प्रेशनचे चौकोन पुढे धार वाढवताना गुरूवर नक्षीसारखे उमटतात.

मोटर नसली तरी अडत नाही. २४०० मिमी फोकल लेंथवर (१२०० मिमीची दुर्बीण आणि दोन पटींची बार्लो) गुरू सी२७०चं लांबट क्षेत्र वीसेक सेकंदांत ओलांडतो. त्याला एका कडेला ठेवा, हात काढा, सरकू द्या. वाययूवाय२मध्ये पूर्ण क्षेत्रावर सी२७०चा वेग सेकंदाला ३० फ्रेमपेक्षा बराच कमी असतो, म्हणून एका फेरीत फ्रेम थोड्याच मिळतात. अशा पाच-सहा फेऱ्या घ्या, पण सगळ्या मिळून तीन मिनिटांत. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो. तीन मिनिटांत त्याच्या मध्यावरचे तपशील जवळपास पाऊण विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतात आणि सहा इंची आरशाला याहून बारीक काही दिसत नाही. क्लिपा पिप या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करून गुरू मध्यावर आणा, ऑटोस्टॅकर्ट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उत्तम २० ते २५ टक्के फ्रेम एकावर एक रचा आणि मग धार वाढवायला रेजिस्टॅक्स या तिसऱ्यातले वेव्हलेट वापरा. ते हात राखून! कडेला दुहेरी रेघ दिसली की एक पायरी मागे या.

गुरू मिथुन तारकासमूहात असतो तेव्हा कोकणातून मध्यमंडल (आकाशातली उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना जवळजवळ डोक्यावर येतो. तिथे डॉब्सोनियन वळवताना नाकी नऊ येतात. तासभर आधी किंवा नंतर घ्या.

वेंगुर्ला : आकाश अगदी स्वच्छ, तारे लखलखीत, तरी व्हिडिओत ग्रह उकळतोय. असं का?

लखलखीत म्हणजे लुकलुकत असतील. ग्रहांना स्वच्छ हवेपेक्षा स्थिर हवा लागते. किंचित धुरकट, दमट, पान न हलणारी रात्र ही कोकणातली सर्वांत चांगली रात्र. तेव्हा धुक्यामुळे एक्स्पोजर थोडं वाढवावं लागतं, एवढंच. संध्याकाळी खारे वारे पडतात आणि मतलई सुरू होण्याआधी हवा थबकते, तेवढ्या वेळात नशीब आजमावा. उरलेला दोष बहुधा जागेचा असतो. दिवसभर तापलेला स्लॅब आणि चिऱ्याची भिंत रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतात. गच्ची सोडून खळ्यात उतरा आणि शेजारच्या कौलांवरून ग्रह टिपू नका. समुद्राकाठी दिवसरात्रीच्या तापमानात फार फरक नसतो, त्यामुळे आरसा मात्र लवकर निवतो.

अलिबाग : पूर्ण चंद्र एका चौकटीत का मावत नाही?

१२०० मिमीला चंद्राची प्रतिमा सुमारे ११ मिमी आणि सेन्सर साडेतीन मिमी रुंद. बार्लोशिवाय फोकस होत असेल तर तीसेक तुकडे घ्या, प्रत्येक तुकडा शेजारच्यावर पाव भाग चढवा आणि सगळ्यांना एकच एक्स्पोजर ठेवा. पौर्णिमेला नको. सावल्याच नसतात. अष्टमीच्या आसपास घ्या.

रत्नागिरी : पावसाळ्यात बार्लोला बुरशी आली. पुढच्या वर्षी काय करावं?

भिंगं आणि वेबकॅम घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीनशे ग्रॅम सिलिका जेलसोबत ठेवा. खडे निळ्याचे गुलाबी झाले की मंद आचेवर परतून निळे करून घ्या. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांनी बुरशी थांबत नाही. दव बसलेली दुर्बीण लगेच झाकू नका, आधी घरात उघडी वाळू द्या. बुरशी नुसत्या पावसाने नव्हे, या घाईनेही येते.