माजी बॉस ‘त्याला काढून टाकलं’ असं सांगतोय. नव्या कंपनीकडून जुन्या नोकरीची पडताळणी तोंडावर असताना काय करावं?

तुम्ही लिहिलंय की राजीनामा तुम्हीच दिला, नोटीस पिरियड भरला, तरी जुना मॅनेजर चौकशी करणाऱ्यांना ‘परफॉर्मन्समुळे काढलं’ असं सांगतोय. राग येणं साहजिक आहे, पण त्याला फोन करून जाब विचारू नका. त्याचं तोंड तुम्हाला धरता येणार नाही. कंपनीच्या रेकॉर्डवर काय आहे ते मात्र एचआरकडून लेखी घेता येतं.

आधी रिलीव्हिंग लेटर काढून वाचा. ‘आपला अमुक तारखेचा राजीनामा स्वीकारून अमुक तारखेपासून कार्यमुक्त करत आहोत’ अशा अर्थाचं वाक्य त्यात असेल तर निम्मं काम झालं. पुष्कळदा पत्रात नुसतं ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत काम केलं’ एवढंच असतं. मग पडताळणी करणारा कारण विचारायला मॅनेजरला फोन लावतो आणि घोळ तिथून सुरू होतो. अशा वेळी राजीनाम्याचा मेल, तो स्वीकारल्याचा मेल आणि फुल अँड फायनलचा (नोकरी सोडताना होणाऱ्या शेवटच्या देण्याघेण्याचा) हिशोब एकत्र ठेवा. शेवटच्या दिवशी ऑफिसचा मेल बंद होतो, त्यामुळे राजीनामा पाठवतानाच स्वतःचा खासगी पत्ता सीसीत ठेवायचा असतो. तो राहिला असेल तर प्रत एचआरकडे मागा. नोटीसचे काही दिवस कमी पडले असतील तर हिशोबात नोटीस पेची (न भरलेल्या दिवसांच्या पगाराची) वसुली दिसते. तो कागद लपवू नका, ‘न सांगता पळून गेला’ या आरोपाला तोच उत्तर आहे.

पीएफच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघडून ‘डेट ऑफ एक्झिट’ पत्रातल्या तारखेशी जुळते का पाहा. एका दिवसाच्या फरकावरूनही पडताळणीच्या अहवालात शेरा येऊ शकतो. तारीख भरलेलीच नसेल तर शेवटच्या जमा महिन्यानंतर 2 महिन्यांनी ‘मार्क एक्झिट’मधून आधारच्या ओटीपीवर तुम्ही स्वतः भरू शकता. पण तिथलं ‘सेसेशन’ (नोकरी संपणं) हे कारण राजीनाम्याचा पुरावा म्हणून दाखवू नका. नोकरी कशीही सुटली तरी ते लागू शकतं.

आता एचआरच्या अधिकृत पत्त्यावर मेल करा, मॅनेजरला सीसीत न घेता. एम्प्लॉयी कोड, रुजू झाल्याची तारीख, राजीनाम्याची आणि शेवटच्या दिवसाची तारीख लिहा, आणि दोनच गोष्टी मागा: तुमच्या रेकॉर्डमध्ये सोडण्याचं कारण काय नोंदवलंय ते लेखी कळवा, आणि पुढची पडताळणी फक्त एचआरकडून व्हावी. मॅनेजरच्या स्वभावाबद्दल एक शब्दही नको. तक्रारीचा सूर लागला की एचआर मेल लीगलकडे ढकलतं आणि उत्तर लांबतं.

नव्या कंपनीच्या एचआरला पडताळणी सुरू होण्याआधीच सांगा: ‘मी राजीनामा दिला होता, कागद जोडले आहेत, रिपोर्टिंग मॅनेजरऐवजी एचआरकडे विचारावं.’ दुसरा रेफरन्स द्यायचा तर तुमचं काम पाहिलेला वरचा माणूस किंवा क्लायंटकडचा माणूस द्या. सोबतच्या मित्राच्या शब्दाला इथे वजन नसतं. ‘राजीनामा द्या, नाहीतर काढतो’ असं सांगून तो घेतला असेल, तर कागदावर तो राजीनामाच आहे. मात्र फॉर्ममध्ये थेट ‘राजीनामा द्यायला सांगितलं होतं का?’ असं विचारलं तर खोटं लिहू नका. नंतर उघड झालं तर त्यावरूनच ऑफर जाते.

मित्राला खोटा एचआर बनवून मॅनेजरला फोन करायला लावू नका. तो पुरावा तुमच्यावरच उलटतो.

बदनामीचा दावा शेवटी ठेवा. भारतीय न्याय संहितेचं बदनामीच्या गुन्ह्याचं कलम 356 लागू होऊ शकतं, पण सद्भावनेने, कुणाच्या हितरक्षणासाठी केलेल्या विधानाला त्यात अपवाद आहे आणि मॅनेजर त्याचाच आधार घेईल. भरपाईच्या दिवाणी दाव्याची मुदत फक्त 1 वर्ष आहे. ऑफर खरंच गेली असेल आणि काय सांगितलं गेलं ते कुणी लेखी द्यायला तयार असेल, तरच वकिलाकडून नोटीस पाठवा. ती कंपनीच्या संचालकांनाही जाऊ द्या. एरवी अहवालात लाल शेरा आला तर त्याची प्रत मागा आणि कागद जोडून, मुद्द्याला मुद्दा लावून त्याच दिवशी लेखी खुलासा द्या.