शेवटचा प्रवेश बदल

कोल्हापूर

प्रिय विद्यार्थ्यास,

अनेक आशीर्वाद. तुझी संहिता लक्षपूर्वक वाचली. शिरोळ तालुक्यात २०१९ आणि २०२१ चे महापूर सोसलेल्या गावांत मनाच्या आजारांविषयी नाटिका करण्याचे तू ठरवले आहेस, ते योग्यच आहे. परंतु कर्जबाजारी बाप जीव देतो तो शेवटचा प्रवेश काढून टाकावास, असे माझे स्पष्ट मत आहे. आत्महत्येची पद्धत डोळ्यांसमोर आली की आधीच खचलेल्या माणसाला तीच वाट सुचण्याचा धोका असतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही प्रसारमाध्यमांना तो तपशील टाळायला सांगते. शिवाय कर्ज हे एकच कारण ठसवले, की नैराश्य, दारू आणि घरातला अबोला नजरेआड होतात.

त्याऐवजी बाप सोप्यात गप्प बसला आहे, जेवणाचे ताट तसेच परत जाते आहे आणि शेजारी ‘मन घट्ट कर’ एवढेच म्हणून निघतो आहे, तिथे प्रयोग थांबव. ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांच्या फोरम थिएटरमध्ये प्रेक्षकच पात्राची जागा घेऊन प्रसंग वेगळा करून पाहतो. तसे शेजाऱ्याच्या जागी गावातल्याच कुणाला उभे राहू दे. बापाची भूमिका मात्र आपल्या नटाकडेच ठेव, कारण चारचौघांत स्वतःचे दुःख उघडे करायला लावणे हा उपचार नव्हे, आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला त्याच गल्लीत राहायचे असते.

देवऋषाची टिंगलही कमी कर. हशा नक्की मिळेल (आपल्याकडे तो मिळवणे फारसे अवघड नाही), पण ज्या घराने आजारी लेकीला त्याच्याकडे नेले आहे, ते घर त्यामुळे आणखी मिटून जाईल.

तारीख ठरवण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि आशाताई यांच्याशी बोलून, प्रयोगानंतर कुणी मदत मागितली तर त्याला कुठे आणि कुणाबरोबर पाठवायचे, हे पक्के कर. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक पात्रांच्या तोंडी दोनदा तरी यावा. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरेल अशा पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळणारी घरे असतात. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच सामान्यतः गृहीत धरतो, हे शेजाऱ्याच्या एका वाक्यात बसवता येईल.

नवा प्रवेश लिहून झाला की पाठव. तालमीला एखाद्या समुपदेशकाला बोलावता आले तर पाहा, म्हणजे संवादातल्या चुका गावात जाण्याआधीच सुधारता येतील.

तुझा हितचिंतक